न्याय, निवाडा आणि ‘जज करू नकोस’

प्रश्न : ख्रिस्ती लेखनात ‘न्यायाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून रोज वागावे’ असे वाक्य वाचले. इथे न्याय म्हणजे शिक्षाच ना? ‘निवाड्याचा दिवस’ म्हटले तर चालेल का?

शिक्षा नव्हे. न्यायाचा दिवस म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्या माणसांचा निकाल लावील तो दिवस. शिक्षा हा न्यायाचा एक परिणाम, तोही प्रत्येक वेळी होतोच असे नाही. ‘न्याय’चे बाकीचे अर्थ, कोर्टापासून काकतालीय न्यायापर्यंत, कोणत्याही कोशात सापडतील.

‘निवाडा’ मात्र चालेलच काय, धावेल. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या उत्तरार्धाची, भाषा ग्रीक आणि तिथला शब्द आहे ‘क्रिसिस’. त्याचे क्रियापद ‘क्रिनेइन’, मूळ अर्थ वेगळे काढणे. लॅटिनमध्ये चाळणीला ‘क्रिब्रुम’ म्हणतात, तीही याच घराण्यातली. रोगी वाचणार की जाणार हे ज्या घटकेला ठरे तिला ग्रीक वैद्य ‘क्रिसिस’ म्हणत. बातम्यांतला रोजचा क्रायसिस तिथून आला. आता आपला निवाडा पाहा : निवडणे, त्यावरून निवाडा. आणि अरबीतून आलेला फैसला? धातू फ-स-ल, अर्थ विलग करणे. आपला ‘तपशील’देखील त्याच धातूचा, एकेक बाब सुटी करून मांडलेली. धातू तीन, कल्पना एकच! माझे तर मत आहे की न्यायाधीश जन्माला आला तो खळ्यावर. येशूच्या आधी आलेला संदेष्टा, बाप्तिस्मा करणारा योहान, येणाऱ्या न्यायाची वर्दी देतो तेव्हा न्याय करायला येणाऱ्याच्या हाती तलवार नाही, धान्य पाखडायचे साधन देतो (नव्या करारातले मत्तयाचे पुस्तक, 3:12). यापेक्षा पुरावा कोणता हवा?

‘न्याय’ या पंगतीत बसत नाही. तो ‘नी’ म्हणजे नेणे यावरून आला असे ठासून सांगणाऱ्या पंडितांनी पाणिनीचे 3.3.37 हे सूत्र एकदा उघडावे. नि + इ (‘इ’ म्हणजे जाणे), अर्थ ‘अभ्रेष’, म्हणजे रीत न सोडणे. सूत्र स्वच्छ आहे. त्यावर ‘नेणे’ची कलमे करायची हौस कशाला, कळत नाही.

खरा वैताग वेगळाच आहे. हल्ली कोणाच्याही वागण्याला नाव ठेवले की उत्तर येते, ‘जज करू नकोस, बायबलमध्येसुद्धा तेच लिहिलंय.’ लिहिले आहे, मत्तय 7:1. पण चार ओळी पुढे वाचण्याचे कष्ट कोण घेतो? आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला स्पष्ट दिसेल, असे तिथे आहे. म्हणजे कुसळ काढायचेच आहे, फक्त क्रम पाळून. लगेच पुढे डुकरांपुढे मोती टाकू नका, असेही आहे. डुक्कर कोण आणि मोती कोणते हे निवडल्याशिवाय ते कसे पाळणार? मनाई दोषी ठरवून मोकळे होण्याला आहे, पारख करण्याला नाही. ‘क्रिनेइन’मध्ये दोन्ही अर्थ नांदतात.

रोजच्या वागण्याचे म्हणाल तर मत्तय 25 वाचा. तिथे न्यायाच्या दिवसाचेच चित्र आहे : मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी प्रभू माणसे वेगळी करतो, पुन्हा निवडणेच. कसोट्या सहा : भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. गंमत अशी की निवडले गेलेले विचारतात, ‘प्रभू, हे आम्ही कधी केलं?’ त्यांच्या डोळ्यांपुढे तो दिवस नव्हताच, समोरचा माणूस होता. तुम्ही वाचलेले वाक्य या कथेशी फारसे जुळत नाही, ते लिहिणाऱ्याला कळवा हवे तर.

छापताना मात्र ‘न्यायाचा दिवस’ बदलू नका. मराठी बायबलच्या वाचकाच्या कानात तोच बसला आहे. बोलताना खुशाल ‘निवाडा’ म्हणा. आणि फैसल्याच्या शेजारी पाहून कोणी निवाड्यालाही परका ठरवू लागला, तर त्याला धान्य निवडायला बसवा.