जलपर्णी, सकर आणि चिलापी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: आमच्याकडे दरवर्षी नदीतली जलपर्णी यंत्रं लावून काढतात, तरी पुढच्या उन्हाळ्यात पात्र पुन्हा हिरवंगार होतं. असं का? (पुणे)

जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलं सुंदर म्हणून माणसांनीच ती जगभर नेली. एक रोप उचलून पाहा. फुगीर देठ दाबला की स्पंजासारखा लागतो. आत हवा असते, म्हणून रोप तरंगतं. बुडातून आडवे धुमारे निघालेले दिसतील आणि प्रत्येकाच्या टोकाला नवं रोप. ऊन आणि खतावलेलं पाणी मिळालं, तर साधारण दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. म्हणजे शंभरातली पाच रोपं जरी मागे राहिली, तरी दोन-अडीच महिन्यांत सगळं पूर्ववत! त्यात गाळात पडलेलं बी २० वर्षंही जिवंत राहू शकतं. काढलेले ढीग काठावरच सोडले, तर पहिल्या पुरात ते परत पाण्यात जातात.

निओकेटिना नावाचे सोंडेवाले भुंगे १९८०च्या दशकात भारतात आणून सोडले गेले. ते पानं खरवडतात, त्यांच्या अळ्या देठ पोखरतात. पण त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो, आणि मध्येच सगळी जलपर्णी उचलली की भुंगेही तिच्याबरोबर जातात. मुळात नदीत मैलापाणी येतंय तोवर तिला नायट्रोजन आणि फॉस्फरस आयतंच मिळतं. यंत्रांच्या निविदांपेक्षा सांडपाणी शुद्धीकरणाचा हिशेब आधी मागा, असं मी आग्रहानं सांगेन.

प्रश्न: उजनीत सकर मासा जाळी फाडतो. गिऱ्हाईक नाही म्हणून आम्ही परत पाण्यात टाकतो. चालेल का? (इंदापूर)

कृपया टाकू नका. दक्षिण अमेरिकेतला हा मासा काचेच्या टाकीतलं शेवाळ खाण्यासाठी आपल्याकडे आला. अंगावर हाडांच्या तकटांचं चिलखत आणि परांना ताठ काटे. ते जाळ्याच्या आसांत (भोकांत) असे गुंततात की जाळं कापावंच लागतं. नर काठात बीळ करून अंडी राखतो, त्यामुळे काठही ढासळतात. काठावर टाकला म्हणजे मेला, असं समजू नका. हवा गिळून तो पोटातून श्वास घेतो आणि तासन्‌तास तग धरतो. पाण्यापासून लांब खड्डा करून पुरा.

प्रश्न: चिलापीही परदेशी म्हणतात. खाणं सोडावं का? (भिगवण)

मुळीच नाही, पोटभर खा! चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. तिची मोझांबिक तिलापिया ही जात १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात उबवते, धोका दिसला की पिल्लंही तिच्या तोंडात शिरतात. रोहू-कटला लाखो अंडी सोडून निघून जातात आणि त्यांना विणीसाठी वाहतं पाणी लागतं. (तेही गंगेच्या खोऱ्यातले, भीमेत माणसांनीच आणले.) धरणाचं साचलेलं पाणी चिलापीला मात्र मानवतं. शेततळ्यात ती पाळत असाल, तर सांडव्याला बारीक जाळी लावा, म्हणजे ओढ्यात उतरणार नाही.

प्रश्न: घरातलं लाल कानाचं कासव फार मोठं झालंय. तळ्यात सोडू का? (ठाणे)

नको. ते उत्तर अमेरिकेतलं आहे, २० वर्षांहून जास्त जगतं, आणि देशी कासवांचं खाणं व उन्हात बसायची जागा दोन्ही बळकावतं. मोठ्या टबात सांभाळा. जमतच नसेल, तर प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे किंवा वन विभागाकडे विचारा.