वॉकीटॉकीवर ‘नका’ कुठे जातो?

प्रश्न असा आहे: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फायर कंट्रोल रूमला नवीनच लागलोय. हातात वॉकीटॉकी आणि भिंतीवर टेन-कोडचा (‘टेन’ आणि पुढे आकडा, अशा ठरलेल्या सांकेतिक निरोपांचा) जुना तक्ता. कोड पाठ करू का, नेमकं बोलायचं कसं, आणि ‘मेडे’ कधी म्हणायचं?

माझी बावीस वर्षं बडोद्यातच अशा एका कारखान्याच्या फायर विभागात गेली. त्यातली शेवटची नऊ मायक्रोफोनसमोर. तेव्हा उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

कोडचं आधी उरकतो. पाठ करू नका. टेन-कोड अमेरिकेत पोलिसांच्या रेडिओसाठी १९३०च्या दशकाच्या शेवटी निघाले. तेव्हाच्या ट्यूबच्या सेटमध्ये बटण दाबल्यावर आतली मोटर फिरायला क्षणभर लागायचा आणि पहिलं अक्षर हवेत विरायचं. म्हणून आधी ‘टेन’ म्हणायचं. तो टेन गेला तरी चालेल, पुढचा आकडा पोचला की झालं. आता गाव बदललं की कोडचा अर्थ बदलतो, आणि चार ठिकाणच्या गाड्या एका आगीवर आल्या की घोळ होतो. त्यामुळे खुद्द अमेरिकेनेच २००६ पासून अनेक खात्यांच्या संयुक्त कामात साधी भाषा सक्तीची केली. आपल्याकडे तर एकाच बंबावर गुजराती ड्रायव्हर, मराठी लीडिंग फायरमन आणि उत्तर प्रदेशचा फायरमन असतो. तिथे तक्ता कोण उघडणार?

मात्र कोड गेले तरी ते ज्यावर उपाय होते ती खोड गेलेली नाही. बटण दाबल्यावर तुमचा सेट चालू होतो, मग रिपीटर (आवाज पकडून पुढे जोरात फेकणारं यंत्र) जागा होतो, मग समोरच्याच्या सेटचं तोंड उघडतं. मनातल्या मनात ‘एकवीस’ म्हणायला लागतो तेवढा वेळ यात जातो. म्हणून बटण दाबा, एकवीस म्हणा, मग बोला. आणि बोलणं संपल्यावर अर्धा क्षण बटण धरून ठेवा. दुसरी गोष्ट कोणी शिकवत नाही, आणि मराठी माणसाला खरी तीच लागते. का ते सांगतो.

एका संध्याकाळी पॅकिंगच्या गोडाऊनला आग लागली होती. धूर पत्र्याच्या छताखाली साठलेला, मागचं शटर अर्धं उघडं. बाहेर उभ्या असलेल्या आमच्या ऑफिसरांनी सेटवर सांगितलं, “मागच्या शटरनं आत जाऊ नका.” मागच्या बाजूच्या टीमचा लीडरही मराठी, म्हणून मराठीतच बोलले. लीडरने उत्तर दिलं, “रॉजर.” तीन-चार मिनिटांत छताचा एक पत्रा खाली आला तेव्हा दोन माणसं शटरच्या आत होती. दोघं बाहेर आले, एकाचा खांदा निखळलेला. नंतर चौकशीत माझी लॉगबुक काढली. मी लिहिलं होतं, ‘आत जाऊ नका.’ कंट्रोलचा मोठा एरियल, मला पूर्ण ऐकू आलं होतं. लीडर शपथेवर सांगत होता की त्याला ‘मागच्या शटरनं आत जाऊ’ एवढंच ऐकू आलं, आणि जाऊ की नको हे विचारायच्या ऐवजी त्याने ते ‘जा’ असंच धरलं. दोघंही खरं बोलत होते. ऑफिसरांचा अंगठा शेवटच्या शब्दावर सुटला होता.

त्या रात्री घरी येऊन मी वहीत तीन वाक्यं लिहिली. हिंदी: अंदर मत जाओ. गुजराती: अंदर नथी जवानुं. मराठी: आत जाऊ नका. तिन्हींचा शेवटचा शब्द बोटाने झाका. हिंदीत ‘अंदर मत’ उरतं, माणूस थबकतो. गुजरातीत ‘अंदर नथी’ उरतं, तोही थबकतो. (गुजरातीतही ‘अंदर जशो नहीं’ म्हणालात तर आपल्यासारखाच घोटाळा.) मराठीत ‘आत जाऊ’ उरतं आणि माणूस आत जातो. आपली भाषा नकार शेपटीत ठेवते, आणि रेडिओ नेमकी शेपटी खातो.

म्हणून सेटवर मनाईचा हुकूम द्यायचा असेल तर ‘नका’ वापरायचंच नाही. जे करायला हवं ते सांगायचं, आणि तो शब्द आधी. “थांबा, थांबा. बाहेरच राहा. शटरमधून फक्त पाणी मारा.” यातला कुठलाही तुकडा गळला तरी उरलेल्यातून उलटा अर्थ निघत नाही. ‘पाणी बंद करू नका’च्या ऐवजी ‘पाणी चालू ठेवा’. ‘व्हॉल्व्ह उघडू नका’च्या ऐवजी ‘व्हॉल्व्ह बंदच ठेवा’. सुरुवातीला जिभेला वळत नाही. घरी मुलांना ओरडताना सराव करा. आमच्या घरी त्याची बरीच चेष्टा झाली.

आता त्या ‘रॉजर’बद्दल. जुन्या अक्षरमालेत ‘आर’साठी रॉजर हा शब्द होता, आणि आर म्हणजे ‘रिसीव्ह्ड’. तुमचं बोलणं पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. समजलं, पटलं, करतो, यातलं काहीही त्यात नाही. आपण मात्र त्याचा उपयोग ‘हो हो, साहेब’सारखा करतो, म्हणजे मान हलवण्यासाठी. हुकुमाचं उत्तर रॉजर नाही, हुकूम परत म्हणून दाखवणं आहे. त्या लीडरने “मागच्या शटरनं आत जातोय” एवढं म्हटलं असतं तर ऑफिसर तिथल्या तिथे ओरडले असते. परत म्हणायला लागतात चार सेकंद. ज्याला हे चार सेकंद जास्त वाटतात त्याला माझ्याकडे पाठवा, खांदा निखळलेल्या माणसाशी बोलणं करून देतो.

अर्धं वाक्य मुळीच न पोचलेल्यापेक्षा वाईट कसं, याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण आगीचं नाही, विमानांचं आहे. २७ मार्च १९७७ला टेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. एका विमानाने ‘आम्ही आता टेकऑफला’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. टॉवरने आधी ‘ओके’ म्हटलं, क्षणभर थांबून ‘टेकऑफसाठी थांबा, मी बोलावतो’ म्हटलं. त्याच वेळी दुसरं विमानही सेटवर बोललं. दोघं एकाच वेळी बोलल्याने कॉकपिटमध्ये शिट्टी वाजली, आणि ऐकू आलं ते फक्त ‘ओके’. विमानांच्या रेडिओत अशी शिट्टी तरी वाजते. आपल्या एफएम सेटवर बऱ्याचदा तीही नसते. जवळचा, जोरदार सिग्नल लांबच्याला सरळ गिळतो आणि ज्याला गिळलं त्याला पत्ताही लागत नाही. तो समजतो मी सांगितलं. म्हणून बोलायच्या आधी दोन सेकंद ऐका, आणि उत्तर आलं नाही तर ते पोचलेलं नाही असंच धरा.

हाक मारताना ज्याला बोलवायचंय त्याचं नाव आधी, दोनदा, मग आपलं. “कंट्रोल, कंट्रोल, टेंडर दोन.” (टेंडर म्हणजे बंब.) पहिलं ‘कंट्रोल’ गळलं तरी दुसरं उरतं. उत्तर आल्याशिवाय निरोप सोडायचा नाही. ‘ओव्हर’ म्हणजे माझं संपलं, तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे बोलणंच संपलं. ‘ओव्हर अँड आउट’ सिनेमातल्यासाठी ठेवा.

ओरडू नका... बघा, मीच ‘नका’ लिहिलं. शांत बोला. माइक तोंडापासून चार बोटं, थोडा तिरका. ओरडल्याने आवाज मोठा होत नाही, फाटतो. बीएचा (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरच्या सेटचा) मास्क घातलेला असेल तर माइक मास्कच्या आवाजाच्या जाळीला जवळजवळ टेकवा आणि एकेक शब्द सुटा बोला. आणि सेट कमरेला लावून गाडीत बसताना बटण दबलं नाही ना, ते बघा. आमच्या एका ड्रायव्हरच्या मांडीखाली बटण दबलं आणि चहावाल्याशी चाललेला उधारीचा हिशेब अख्ख्या चॅनेलने ऐकला. हसू येतं, पण तितकी मिनिटं कोणाला काही बोलताच आलं नसतं.

कंट्रोलवर बसणाऱ्याचं खरं दुखणं वेगळं: गावांची नावं. बडोद्यात गायकवाडांची पुण्याई अशी की एकाच नावाला कुठे गंज लागलाय, कुठे पुरा, कुठे नगर. फतेगंज आणि फतेपुरा. सयाजीगंज आणि सयाजीपुरा. प्रतापगंज आणि प्रतापनगर. रेडिओवर पहिला अर्धा भाग ठणठणीत ऐकू येतो आणि वेगळेपणा नेमका शेवटच्या दोन अक्षरांत. पुन्हा शेपूटच! मदतीचा कॉल आला तेव्हा आमची एक गाडी प्रतापगंजच्या ऐवजी प्रतापनगरला निघाली होती. एक युनिव्हर्सिटीकडे, एक दक्षिणेला रेल्वेकडे. ती चूक माझी होती, मी फक्त नाव सांगितलं, खूण सांगितली नाही. तेव्हापासून माझ्या काचेखाली अशा जोड्यांची चिठ्ठी आणि प्रत्येकापुढे एक खूण. “प्रतापगंज, युनिव्हर्सिटीजवळ. प्रतापगंज.” नाव, खूण, परत नाव. फोनवर कॉल घेताना पत्ता सगळ्यात आधी विचारा, काय जळतंय ते नंतर, कारण फोन मध्येच कट झाला तर गाडी पत्त्यावरच जाते. जुन्या शहरात ‘मांडवीजवळ’ असं अर्धं गाव सांगतं. तिथे पोळीचं, म्हणजे जुन्या गल्लीचं, नाव आणि गाडी कुठपर्यंत जाईल हे दोन्ही हवं.

आकड्यांचंही तसंच. ४७ला आपण सत्तेचाळीस म्हणतो, गुजराती माणूस सुडतालीस. धुरात, तीन भाषांत, हे कोण उलगडत बसणार? सुटे बोला, आणि इंग्रजीत बोला: फोर, सेव्हन. यात भाषाभिमान दुखावून घेऊ नये.

पोचल्यावरचा पहिला निरोप वीस सेकंदांचा असावा: काय दिसतंय, मी काय करतोय, मला काय हवंय. “कंट्रोल, टेंडर दोन. तळमजल्याचं गोडाऊन, मागून काळा धूर, ज्वाला दिसत नाहीत. एक होज पाइप समोरून लावतोय. आणखी एक टेंडर आणि वीज कंपनीचा माणूस हवा.” बास. तुम्ही कंट्रोलवर असाल तर हे परत म्हणून दाखवा आणि घड्याळ सुरू करा.

घड्याळाचं महत्त्व आतल्या माणसाला कळत नाही, म्हणून ते तुमचं काम. बीए सेटचा ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की हवा १८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ४५ मिनिटं. पण जिना चढणारा, होज ओढणारा माणूस ६०ही सहज ओढतो. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते. ती राखीव हवा वगळली तर हातात २५ मिनिटंही उरत नाहीत. दर दहा मिनिटांनी ऑफिसरला सांगा, “आत जाऊन दहा मिनिटं.” चिडतील. सांगा.

आणि मेडे. शब्द १९२३च्या सुमाराला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर, फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’वरून निघाला. आगीच्या कामात माणूस हरवला, अडकला, पडला किंवा हवा संपत आली तर. अडकलोय की नाही, अशी शंका आली त्याच क्षणी. खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. आपल्या माणसांना लाज वाटते हो, ‘एवढ्यासाठी कशाला’. लाज मोडण्यासाठीच सराव करायचा, आणि सरावात आधी व नंतर ‘सराव’ म्हणायचं. तीनदा मेडे, मग कोण, कुठे, काय झालंय, हवा किती. कंट्रोल बाकी सगळ्यांना गप्प करतो आणि दुसऱ्या चॅनेलवर पाठवतो. अडकलेल्याला चॅनेल बदलायला सांगायचं नाही. हातमोज्यातल्या बोटांनी नॉब चुकला तर तो कायमचा गेला.

रिपीटरबद्दल एकच. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या नॉर्थ टॉवरच्या लॉबीत रिपीटरच्या कन्सोलवर दोन बटणं दाबायची होती. एक दाबलं गेलं, दुसरं राहिलं. हँडसेटवरून आवाज जाईना, तेव्हा तो बंदच आहे असं समजून वापरलाच नाही. तुमचा रिपीटर कुठे आहे, वीज गेल्यावर किती वेळ चालतो, आणि कुठल्या कोपऱ्यात पोचत नाही, हे शांततेत शोधायचं. बेसमेंटमध्ये रिपीटर सोडून डायरेक्ट चॅनेलवर या आणि रॅम्पच्या तोंडाशी एक माणूस निरोप पुढे द्यायला उभा करा. सॉल्व्हंटचा प्लांट असेल तर तिथे ज्वालाग्राही जागेसाठी मंजूर झालेलेच सेट, आणि बॅटरी तिथे उघडायची नाही, बाहेर येऊन.

तुमच्या कारखान्यात तळघर किंवा जमिनीखालचा पंप हाऊस आहे का, आणि सेट व्हीएचएफ आहेत की यूएचएफ (रेडिओ लहरींचे दोन पट्टे, सेटवर लिहिलेलं असतं), ते इथे लिहा. सेट पोचत नाही ते काळे कोपरे शोधायला दोन माणसं आणि एक खडू पुरतो. उत्तर आलं की ती पद्धत सांगतो.