कॅट ९१, वेर्ण्यात ४० महिने, आता कुठलं बी-स्कूल घेऊ?

तुझा प्रश्न दोनदा वाचला, म्हणून आधी मला काय समजलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांग. तू डिचोलीची, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल केलंस, वेर्ण्याला औषधांच्या फॅक्टरीत पॅकिंग लाईनवर ४० महिने झाले, दहावी ८६, बारावी ७१, यंदा कॅटला (आयआयएम आणि इतर बऱ्याच एमबीए कॉलेजांची प्रवेश परीक्षा) ९१ पर्सेंटाइल, जीमॅटच्या (एमबीएसाठीची दुसरी, जगभर चालणारी परीक्षा) मॉकमध्ये ६१५. साखळीच्या जीआयएमचा (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) इंटरव्ह्यू कॉल आलाय. आणि विचारतेयस की नोकरी सोडून वर्षभर कॅटचाच अभ्यास करू, की जीमॅट देऊन आयएसबीचं (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) बघू, की घराजवळ आहे म्हणून आईबाबा म्हणतात तसं जीआयएम घेऊ.

पहिलं सांगतो, नोकरी सोडू नकोस. बाकी सगळ्यावर चर्चा करता येईल, यावर नाही. आज जानेवारी आहे, कॅट नोव्हेंबरच्या शेवटी, आणि वर्गात बसशील ती पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे आत्ता राजीनामा दिलास तर १७ महिन्यांचा गॅप, आणि अनुभव ४० महिन्यांवरच अडकलेला. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्या गॅपचाच येणार. आणि ९१ चे ९९ होतील याची खात्री कोणाला?

आता ९१ म्हणजे काय ते नीट बघ. कॅटला साधारण अडीच ते तीन लाख पोरं बसतात, ९१ पर्सेंटाइल म्हणजे त्यातली ९१ टक्के तुझ्या मागं, त्यामुळे तुझ्या पुढं २२ ते २७ हजार आहेत, आणि आयआयएमच्या सगळ्या मिळून जागा काही हजारच. पण दुसरी बाजू पण आहे, गेल्या काही वर्षांत एकूण मार्कांच्या निम्म्याहून कमी मार्कांवर ९९ पर्सेंटाइल मिळालेत, म्हणजे सगळं सोडवायची गरज नसते, कुठला सेट (प्रश्नांचा गट) सोडून द्यायचा हे कळायला लागतं. तुझा सेक्शनवाइज स्कोर तू दिला नाहीस. एखाद्या सेक्शनला ७० असेल तर एकूण ९१ चा काहीएक उपयोग नाही, कारण बऱ्याच ठिकाणी प्रत्येक सेक्शनची वेगळी कटऑफ असते. शिवाय वेबसाइटवर लिहिलेली किमान कटऑफ आणि खरोखर कॉल येतो तो पर्सेंटाइल यात खूप अंतर असतं, जनरल इंजिनिअरला तर जास्तच. तुझ्या बाजूने एक आहे, बऱ्याच आयआयएममध्ये मुलींना जेंडर डायव्हर्सिटीचे वेगळे गुण मिळतात. विरुद्ध बाजूला ती ७१ टक्क्यांची बारावी, शॉर्टलिस्टच्या फॉर्म्युल्यात दहावी-बारावीचे गुण धरले जातात आणि ते आता बदलणार नाहीत, कॅट कितीही वेळा दिलीस तरी.

अनुभवाकडे येऊ, कारण मला वाटतं तुझा निर्णय इथंच होणार आहे. लोक स्कोर घेऊन कॉलेजांची यादी करतात आणि मग त्यात अनुभव बसवायला बघतात, मी उलटं करायला सांगेन. दोन वर्षांचा कोर्स हा मुख्यतः शून्य ते तीन वर्षं अनुभववाल्यांसाठी बनवलेला असतो, वर्गात २२-२३ ची पोरं भरपूर, मध्ये दोन महिन्यांची समर इंटर्नशिप, आणि त्या इंटर्नशिपमुळेच फॅक्टरीतला माणूस मार्केटिंगला किंवा फायनान्सला जाऊ शकतो. अनुभवाचे गुण पण साधारण तीन वर्षांपाशी वाढायचे थांबतात, त्यापुढं तुझा जास्तीचा महिना कोणी मोजत नाही. एक वर्षाचा कोर्स वेगळा, तिथं सहसा समर नसते, शिकायला वेळ कमी, पण वर्गातले सगळे काम करून आलेले, आणि कंपन्या तुला फ्रेशर म्हणून घेत नाहीत. आयएसबीच्या एक वर्षाच्या पीजीपी कोर्सला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या एक वर्षाच्या कोर्सला किमान चार, पण वर्गाची सरासरी त्याहून खूप जास्त असते. आयआयएम कलकत्त्याचा एमबीएईएक्स (पूर्वीचा पीजीपीईएक्स) आणि जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचा जनरल मॅनेजमेंटवाला कोर्स पाच वर्षं मागतात.

आता तुझे महिने मोज. या जूनला आत शिरलीस तर ४५ महिने, म्हणजे दोन वर्षांच्या कोर्सला अजून ठीक आहे, थोडी मोठी असशील वर्गात पण चालतं. पुढच्या वर्षीच्या जूनला ५७. पावणेपाच वर्षं अनुभव घेऊन २२ वर्षांच्या पोरांबरोबर समर इंटर्नशिपच्या रांगेत बसायचं, आणि शेवटी कंपनीने पण त्याच पगाराची नोकरी पुढं करायची, हे मला पटत नाही. म्हणून दोन वर्षांचाच कोर्स करायचा असेल तर यंदा कर, आणि यंदा नाही तर मग एक वर्षाच्या कोर्सकडेच बघ, पुढच्या वर्षी पुन्हा कॅट देण्यात अर्थ नाही.

यातलं काय, ते तुला पुढं काय काम करायचंय त्यावर आहे, आणि ते तू लिहिलंच नाहीस. "मॅनेजमेंटमध्ये जायचंय" एवढंच लिहिलंयस, त्याने काही कळत नाही गं. सप्लाय चेन, ऑपरेशन्स, फार्माच्याच मोठ्या जागा, असं असेल तर तुझा अनुभव हेच तुझं भांडवल आहे, तो अजून वर्षभर वाढू दे आणि जीमॅट दे. शॉपफ्लोअर नकोच झालाय, ब्रँड किंवा एचआर किंवा बँक करायचीय, तर जीआयएमच्या इंटरव्ह्यूच्या तयारीला आजपासून लाग.

आणि त्या इंटरव्ह्यूबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण मी तिथं एकदा आपटलोय. मी कळंगुटला एका हॉटेलात तीन वर्षं अकाउंट्सला होतो, कॅटला ९४ होते. २०११ साली एका चांगल्या कॉलेजच्या इंटरव्ह्यूत एका बाईंनी विचारलं, जूनमध्ये तुमच्या किती खोल्या भरतात? मी म्हटलं, तीसेक टक्के. मग पावसाचे चार महिने हॉटेल बंद का नाही ठेवत? आणि मी गप्प. तीन वर्षं दर महिन्याचे पगार मी काढत होतो, मला माहीत असायलाच हवं होतं. बंद ठेवलं तरी कायम स्टाफचा पगार आणि बँकेचा हप्ता थांबत नाही, बंद खोल्यांना पावसात बुरशी धरते, आचारी एकदा दुसरीकडे गेला की ऑक्टोबरात पर्यटकांची चार्टर विमानं सुरू होताना नवा मिळत नाही, आणि एका भरलेल्या खोलीचा जो वरचा खर्च असतो, लॉन्ड्री, नाश्ता, वीज, तेवढा सुटला की त्यापुढचा प्रत्येक रुपया पगारांना हातभार लावतो. हे सगळं मला परतीच्या बसमध्ये सुचलं. सिलेक्शन झालं नाही, आणि ते बरोबरच होतं, कारण माझ्याकडे ३६ महिने होते पण त्या महिन्यांत मी काय बघितलं ते मला सांगता आलं नाही.

शिरगावचा माझा एक मित्र, खाणीवर डिस्पॅचला होता, कॅटला ८९. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या आणि त्याची नोकरी गेली, त्याच कॉलेजच्या इंटरव्ह्यूला तो पुढच्या वर्षी गेला. त्याने त्यांना सांगितलं की ट्रक जेटीवर किती वेळ रिकामा उभा राहतो, बार्ज (खनिज नेणारी सपाट बोट) कशी लागते, आग्वादचा बार (मांडवीच्या तोंडाशी असलेला वाळूचा उंचवटा) पावसात बंद झाला की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत कशा काढतात आणि त्याने खर्च कुठं वाढतो, आणि मग खाण बंद झाल्यावर गावातल्या ट्रकवाल्यांच्या कर्जाचं काय झालं. त्याला घेतलं. माझ्यापेक्षा पाच पर्सेंटाइल कमी होते त्याला.

तुझ्याकडे तर केवढं आहे! ब्लिस्टर लाईनवर (गोळ्या स्ट्रिपमध्ये भरतात ती) एक प्रॉडक्ट संपवून दुसरं चढवायला, म्हणजे चेंजओव्हरला, किती वेळ लागतो, त्यातला किती सफाईत आणि लाईन क्लिअरन्सच्या (आधीचं काही उरलं नाही या तपासणीच्या) सह्यांत जातो, तो कमी करायला तू काय केलंस, नाही जमलं तर का नाही जमलं. ऑडिटच्या आधीचे पंधरा दिवस कसे जातात. एखादं डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीबाहेर काही घडलं त्याची नोंद) तू स्वतः लिहिलंस का, क्वालिटीवाल्यांशी वाद झाला तेव्हा कोणाचं ऐकलं गेलं. रात्रपाळीला किती कंत्राटी कामगार तुझ्या हाताखाली असतात आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात अर्धे सुट्टीवर गेले की लाईन कशी चालवतेस. फॉर्मवर "टीम हँडल केली" असं लिहू नकोस, हे लिही. आणि आकडे खरे दे, तिथं बसलेल्यांत फॅक्टरी बघितलेला एक तरी असतोच.

जीमॅटचं थोडक्यात. आता जे नवीन रूप आहे त्यात तीन सेक्शन, प्रत्येकी ४५ मिनिटं, स्कोर २०५ ते ८०५. त्यातले ६४५ म्हणजे साधारण जुने ७००, त्यामुळे "७०० लागतात" असं जुने लोक सांगतात ते डोक्यात ठेवून घाबरू नकोस. तुझे ६१५ मात्र आयएसबीसाठी कमी आहेत, वर न्यायला लागतील, इंजिनिअरच्या गर्दीत तर नक्कीच. पण याचा फायदा असा की स्कोर पाच वर्षं चालतो, कॅटसारखा एका वर्षात शिळा होत नाही, आणि वर्षात पाच वेळा देता येते, फक्त दोन परीक्षांत १६ दिवस ठेवावे लागतात. म्हणजे शिफ्ट सांभाळून करण्यासारखी परीक्षा आहे. चवथीच्या आधी एकदा देऊन मोकळी हो, म्हणजे आयएसबीच्या पहिल्या राऊंडला अर्ज करता येईल आणि कमी आले तर पुन्हा द्यायला वेळ राहील. घरून पण देता येते, पण जून-जुलैत डिचोलीला लाईट कधी जाईल सांगता येत नाही, सेंटरवर जा.

जीआयएमबद्दल. ते वाईट म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, रायबंदरच्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत १९९३ ला फादर रोमुआल्ड डिसोझांनी सुरू केलं तेव्हापासून बघतोय, चांगली संस्था उभी केलीय. पण "घराजवळ" हे कारण यादीतून काढून टाक. कोर्स निवासी आहे, रात्री दोनपर्यंत ग्रुपचं काम चालतं, घरून येऊन-जाऊन करायची गोष्ट नाही ती, आणि शेवटी नोकरी लागणार मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, पुणे. आईबाबांना हे आत्ताच सांग, दोन वर्षांनी नको. तिथं हेल्थकेअर मॅनेजमेंटचा वेगळा कोर्स पण आहे, फार्मातून येणाऱ्या मुलीने तो बघायला हवा, कॉल कुठल्या कोर्सचा आहे ते तपास. प्लेसमेंटचा रिपोर्ट बघशील तेव्हा सरासरी बघू नकोस, मीडियन (पगार ओळीने लावल्यावर बरोबर मधला येतो तो) बघ, आणि ऑपरेशन्सला किती जण गेले ते बघ. सगळ्यात चांगलं म्हणजे तुझ्यासारखी फॅक्टरीतून गेलेली दोन माणसं शोधून त्यांना फोन कर.

पैशाचा हिशोब कर. २० लाखांचं कर्ज, १० टक्के, १० वर्षं, महिन्याला साधारण २६,४०० हप्ता, आणि शिकताना चढलेलं व्याज वेगळं. एक वर्षाच्या मोठ्या कोर्सांची फी तीस लाखांच्या वर जाते, पण तिथं दुसऱ्या वर्षाचा पगार बुडत नाही, तो धरूनच तुलना कर. आपल्या गोवा सरकारच्या शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, तिच्या अटी त्यांच्या कचेरीत जाऊन स्वतः विचारून घे. आणि शिकून गोव्यात परत यायचं मनात असेल तर इथले पगार धरून हप्ता मोज, बेंगळुरूचे धरून नको.

कोणीतरी खाली मुंबईचं जमनालाल बजाज कॉलेज सुचवलंय. फी कमी, नाव मोठं, सगळं खरं, पण महाराष्ट्राच्या सीईटीत आपण बाहेरच्या राज्याचे, घरात मराठी बोलत असलो तरी. बाहेरच्यांना थोड्याच जागा असतात, त्या धरून चालू नकोस.

आणि जे इतर वाचतायत त्यांच्यासाठी, ओबीसी असाल तर राज्याच्या नव्हे केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर सर्टिफिकेट लागतं आणि ते ताजं लागतं. गावडा, कुणबी, वेळीप समाजाला २००३ पासून एसटीचा दर्जा आहे, तरी कितीतरी पोरं फॉर्मवर जनरल लिहून येतात कारण कागद वेळेत झाले नाहीत. कॅटचा फॉर्म ऑगस्टमध्ये उघडतो, त्याच्या आधी उन्हाळ्यातच कचेरीत जाऊन अर्ज टाका.

तुला आता दोन गोष्टी सांग म्हणतो, सेक्शनवाइज स्कोर, आणि पाच वर्षांनी सकाळी उठून कुठल्या कामाला जायचंय ते दोन ओळींत. आणि त्या लाईनच्या चेंजओव्हरचं पानभर लिहून काढ, कंपनीचं आणि औषधाचं नाव न घेता. मला पाठव, इंटरव्ह्यूच्या आधी मी वाचून प्रश्न काढून देतो.