मुंबईच्या ०२२ चे १८ कसे झाले?

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. पेट्या मागवणाऱ्या ग्राहकांच्या दूरध्वनींची यादी मी जावास्क्रिप्टमध्ये केली आणि एसटीडी कोड जसेच्या तसे टाकले. तरीही रत्नागिरीचा ०२३५२ हा १२५८ आणि मुंबईचा ०२२ हा १८ असा दिसतो. रोह्याच्या ०२१९४ चे मात्र फक्त पहिले शून्य गळते. असे का व्हावे?
— एक बागायतदार, पावस

उत्तर : प्रोग्रॅमच्या मजकुरात थेट लिहिलेल्या मूल्याला लिटरल म्हणतात. ते कसे वाचायचे, हे भाषेच्या नियमांनी ठरते. लिहिणाऱ्याच्या मनातले तिला कळत नाही. सी भाषेत आरंभी शून्य असलेला पूर्णांक अष्टमान पद्धतीतला, म्हणजे ० ते ७ या आठच अंकांत लिहिलेला, समजतात. एका अष्टमान अंकात नेमके तीन बिट, म्हणजे ० किंवा १ असे तीन द्विमान अंक, मावतात, त्यामुळे एका वेळी १८ किंवा ३६ बिटांचा गट (‘शब्द’) हाताळणाऱ्या जुन्या संगणकांवर ही पद्धत सोयीची होती. युनिक्सच्या फाइल परवानग्यांत ती आजही भेटते आणि जावास्क्रिप्टनेही ती उचलली.

म्हणून ०२३५२ म्हणजे २ गुणिले ५१२, ३ गुणिले ६४, ५ गुणिले ८ आणि वर २, अर्थात १०२४ + १९२ + ४० + २ = १२५८. रोह्याच्या कोडात ९ आहे आणि अष्टमानात ७ च्या पुढे अंकच नसल्याने जावास्क्रिप्ट मुकाट्याने दशमानावर येते. सीचा कम्पायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, इथे अडून बसला असता, आणि मला तेच बरे वाटते. पायथन ३ ही भाषा आणि जावास्क्रिप्टचा स्ट्रिक्ट मोड (कडक नियमांची पद्धत) हेसुद्धा असे लिटरल नाकारतात.

मुळात एसटीडी कोड ही संख्या नव्हेच. दोन कोडांची बेरीज कोणी करत नाही. तो अवतरण चिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून लिहावा. पिनकोडाचा आरंभ शून्याने होत नाही म्हणून तिथे हा घोळ लपून राहतो, तरी तोही स्ट्रिंगच ठेवावा.

यादी प्रोग्रॅममध्येच असेल, तर एवढ्याने काम भागेल. चुकीचे कोड फाइलीत साठवले गेले असतील, तर कोकणातल्या ०२ ने सुरू होणाऱ्या पाच अंकी कोडांपुरती एक खूण उपयोगी पडेल : २००० च्या खालची संख्या अष्टमानातून आलेली असणार, कारण तिथे ती १५३५ च्या वर जाऊच शकत नाही. तिचे पुन्हा अष्टमानात रूपांतर करून पुढे शून्य जोडावे. २००० च्या वरच्या संख्येला नुसते शून्य पुरे. मुंबईचे १८ मात्र वेगळे काढून, अष्टमानात २२ करून, ०२२ असे लिहावे लागतील.