सगळं माहितीये, पण बसत नाही!

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली जातात आणि मे महिन्यात घरच्या ट्रिपा निघतात, आणि त्या दोन्ही सीझननंतर समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. "मॅडम, एवढं एक्स्प्रेसवेने खोपोलीच्या इमॅजिका पार्कपर्यंत गेलो, तिकिटं काढली, रोलर कोस्टरसाठी तासभर लाईनीत उभे राहिलो आणि हा ऐनवेळी मागे फिरला." हे सांगून झालं की आई-वडील एकमेकांकडे बघतात आणि मग खरं वाक्य येतं, "इथेच घाबरला तर पुढे जगात कसं होणार याचं?"

गेल्या काही महिन्यात हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी लिहायला बसले. त्यासाठी एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची आणि आई-बाबांची परवानगी घेतली आहे, नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत. चिन्मय म्हणूया त्याला. तेव्हा आठवीत होता.

चिन्मयची केस थोडी वेगळी होती, कारण हा मुलगा रोलर कोस्टरसाठी वेडा होता. दिवसरात्र व्हिडिओ बघायचा, कॉम्प्युटरवर स्वतःचे ट्रॅक बनवायचा, वहीच्या मागच्या पानांवर कोस्टरची चित्रं. बाबांना त्याचाच राग होता. "सगळं माहितीये, पण बसत नाही! मॅडम, पोहायचं पुस्तक पाठ आणि पाण्यात पाय नाही, असं झालंय."

पहिल्या भेटीत मी त्याला भीतीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हटलं, लूपमधून गाडी उलटी जाते तरी माणसं पडत का नाहीत ते मला समजाव. पोरगा एकदम खुलला. माझ्याच पॅडवर चित्र काढून म्हणाला, "मॅडम, लूप गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा असतो. 1895 ला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला एकदम गोल लूप केला होता, त्यात लोकांच्या मानेला हिसके बसायचे. कारण गाडी खाली सगळ्यात फास्ट असते आणि गोलात ती एकदम वळते. मग 1976 ला कॅलिफोर्नियात थेंबासारखा लूप केला, तो खाली हळूहळू वळतो आणि वरती टाईट." इमॅजिकाच्या नायट्रो या कोस्टरची उंची 40 मीटर, स्पीड ताशी 105 किलोमीटर, पाच वेळा उलटं, पाय खाली लोंबकळलेले, हे तर त्याला पाढ्यासारखं पाठ. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतला किंगडा का हा 139 मीटर उंच कोस्टर स्फोट करून पाडला, त्या दिवशी हा जेवला नव्हता आणि घरात सगळे हसले होते. मी हसले नाही. मुलाचं ज्याच्यावर मनापासून प्रेम आहे त्याला हसायचं नसतं, कारण मग त्या वाटेने तो परत तुमच्याकडे काही घेऊन येत नाही.

मग मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. उंचीची भीती, पडण्याची भीती, छोट्या राईडपासून मोठ्या राईडपर्यंत एकेक पायरी, असा चढता तक्ता केला. तीन भेटी त्यात गेल्या. तो शहाण्यासारखा सगळं करत होता पण मला आतून जाणवत होतं की सुई चुकीच्या जागी टोचतेय. चढताना जो टक टक टक आवाज येतो तो कशाचा, तर चेन तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून जे दात अडकत जातात त्यांचा, हे त्यानेच मला सांगितलं होतं. आता अशा मुलाला "अरे सेफ असतं, काही होत नाही" म्हणण्यात काय अर्थ आहे? सेफ्टी त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. माहिती देऊन भीती जात नसेल तर भीती दुसऱ्याच कशाची तरी आहे, हे मी इतक्या वर्षांत शिकलेय.

धागा सापडला तो बाबांच्या एका चिडलेल्या वाक्यात. चौथ्या भेटीच्या शेवटी, दारात चपला घालताना ते म्हणाले, "आणि गंमत बघा, त्या अंधारातल्या डीप स्पेस कोस्टरवर बसला की, दोनदा बसला!"

मी त्यांना तिथेच थांबवलं. बाहेर पुढची फॅमिली वाट बघत होती, तरी थांबवलं. बंदिस्त जागा, मिट्ट अंधार, पुढे काय येतंय ते दिसत नाही. ज्याला पडायची भीती आहे तो त्यात आधी घाबरेल. आणि हा दोनदा?

पुढच्या वेळी चिन्मय एकटाच आत आला. मी विचारलं, "अंधारात काय बरं वाटलं रे?"

बराच वेळ तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, भरभर बोलणाऱ्या माणसाला तर फारच.

"तिथे दिसत नाही ना."

"काय दिसत नाही?"

"तोंड."

आणि मग सगळं बाहेर आलं. सहावीत असताना शाळेची सहल एका पार्कमध्ये गेली होती. तिथे हा एका कोस्टरवर बसला, अगदी उत्साहाने, सगळ्यात पहिला. राईडमध्ये कॅमेरा असतो, बाहेर पडताना स्क्रीनवर सगळ्यांचे फोटो दिसतात, विकत घ्यायचे असतील तर घ्या. त्या फोटोत चिन्मय रडत होता. डोळे मिटलेले, तोंड वाकडं, नाकातून पाणी. सहलीला फोन न्यायला बंदी होती तरी एकाने नेलाच होता, त्याने स्क्रीनचा फोटो काढला आणि रात्रीपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर त्याचं स्टिकर झालं. दोन वर्षं ते स्टिकर फिरत होतं. टेस्टचे मार्क कमी पडले, टाक चिन्मय. मॅच हरली, टाक चिन्मय. घरी कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे भीती 40 मीटरची नव्हतीच. भीती होती आपला चेहरा आपल्या ताब्यात राहणार नाही आणि तो लोकांना दिसेल याची. ही तर लाज! आणि मी तीन भेटी उंचीचा तक्ता करत बसले होते. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मी तेच आठवत होते, आणि मला खूप बरं वाटत होतं खरं सांगायचं तर. असा एखादा शब्द हाती लागतो त्यासाठीच मी हे काम करते.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. तिचे जनक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. ते लाज घालवायला लोकांना मजेदार गृहपाठ द्यायचे, केळ्याला दोरी बांधून ते रस्त्याने फिरवायचं, कुत्रं फिरवतात तसं. लोक बघतात, हसतात, आणि तुम्हाला कळतं की हसले तरी आपण जिवंत आहोत. यातला गाभा एवढाच आहे: "माझं तोंड रडकं दिसू नये" ही इच्छा आहे आणि ती ठीक आहे. "दिसताच कामा नये, दिसलं तर मी संपलो" ही सक्ती आहे, आणि मुलाला लाईनीतून मागे ओढते ती ही सक्ती.

बाबांना मी गृहपाठ सांगितला तेव्हा ते खरंच भडकले. "काय? पुन्हा तिकीट काढायचं आणि नुसतं उभं राहायचं?"

हो. राईडवर बसायचं नाही. जिथे फोटो दाखवतात त्या स्क्रीनसमोर अर्धा तास उभं राहायचं आणि लोकांची तोंडं बघायची.

त्या भेटीत मी बाबांशी वेगळं बोलले. विचारलं, तो नाही बसला तर तुमचं काय जातं? ते आधी तिकिटाचे पैसे म्हणाले, मग वेळ म्हणाले, मग जरा गप्प झाले. त्यांचं लहानपण बोरिवलीतलं. एस्सेलवर्ल्ड हे पार्क 1989 ला सुरू झालं, त्यांच्या वडिलांना काही न्यायला जमलं नाही, शेवटी हे शाळेच्या सहलीतून गेले, गोराईच्या खाडीतून लाँचने, आणि आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस तो. तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या मुलाला मी स्वतः नेणार. पण चिन्मयला न्यायचं राहून गेलं आणि 2022 ला ते बंदच झालं. आता समजलं ना, इमॅजिकाच्या त्या लाईनीत मुलाच्या मागे कोण उभं होतं? बाबांची पण सक्तीच होती, याला मजा आलीच पाहिजे. प्रेमातून आलेली, पण सक्तीच.

गृहपाठ करून चिन्मय आला तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला. "मॅडम, कोणाचंच तोंड चांगलं येत नाही! एक काका होते त्यांचे गाल कानापर्यंत गेले होते. एका ताईचे केस तोंडात. आणि कोणीच दुसऱ्याचा फोटो बघत नाही. सगळे येतात, आपलं तोंड शोधतात, हसतात आणि जातात. मी मोजलं. अर्ध्या तासात फक्त दोघांनी बाजूच्याचा फोटो बघितला, ते पण त्यांचे मित्र होते म्हणून."

हे मी त्याला दहा भेटींत समजावून सांगितलं असतं तरी पटलं नसतं. ते त्याने स्वतः मोजलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने अजून एक गोष्ट केली, ती मी सुचवलेली नव्हती. वर्गाच्या ग्रुपवर गणिताचा होमवर्क आला तेव्हा स्वतःचं तेच रडकं स्टिकर त्यानेच टाकलं. लगेच सगळे सुधारले असं नाही, एकाने चिडवलंच. पण चिन्मय मला म्हणाला, "आता ते माझं पण आहे."

इथे पालकांना एक सांगते. प्रत्येक मुलाने असं झेललंच पाहिजे असं अजिबात नाही. मुलाचा फोटो सतत फिरवून त्रास देत असतील तर वर्गशिक्षकांशी बोला, ते पालकांचं कामच आहे. चिन्मयच्या आईने नंतर ते केलं, त्याला विचारून केलं. मुलाला न विचारता शाळेत धडकलात तर पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणारच नाही.

आणि राईडचं म्हणाल, तर लाईनीत उभं असताना "काही होत नाही रे" म्हणू नका. त्याच्या पोटात होत असतं, छातीत धडधडत असतं, म्हणजे काहीतरी होतच असतं आणि तुम्ही ते खोटं ठरवता. "शांत हो" याचाही फार उपयोग नाही. हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रुक्स यांचं 2014 चं संशोधन आहे, लोकांना गाणं म्हणायच्या, भाषणाच्या, गणिताच्या परीक्षेच्या आधी स्वतःशी "मी एक्सायटेड आहे" म्हणायला लावलं तर शांत व्हायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा ते चांगलं करू शकले. कारण शरीराला भीती आणि उत्साह जवळजवळ सारखेच, धडधड तीच, घाम तोच, नाव आपण देतो. म्हणून मुलाला विचारा, ही धडधड भीतीची किती आणि मजेची किती? मुलं फार नेमकं सांगतात. चिन्मय म्हणाला होता, सत्तर-तीस.

धाकट्या बहिणीचं उदाहरण देऊ नका, ती बसली म्हणजे तिचा हा प्रश्न नाही एवढंच. बसलास तर नवीन मोबाईल, असली पैज लावू नका. आणि लाईनीत शिरायच्या आधीच सांगून ठेवा की शेवटच्या गेटपासून परत फिरलास तरी चालेल. बाहेर पडायचा रस्ता उघडा आहे हे कळलं की मुलं उलट जास्त पुढे जातात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. बाकी पाठीचं, मानेचं, हृदयाचं काही दुखणं असेल, उंची बसत नसेल, तर तिथला बोर्ड वाचा आणि ऐका, तिथे धाडस दाखवायचं काम नाही. आणि ज्याला मनापासून आवडतच नाही त्याला बसवू नका, राईडवर न बसणारी लाखो माणसं उत्तम जगतायत.

शेवटच्या भेटीच्या आधी बाप-लेक पुन्हा जाऊन आले. गोल्ड रश एक्स्प्रेस या कोस्टरवर दोनदा बसले, भर उजेडात. नायट्रोच्या लाईनीत पन्नास मिनिटं उभे राहिले, गेटपर्यंत गेले, समोर गाडी येऊन थांबली, आणि चिन्मय म्हणाला, "बाबा, आज नाही."

बाबा मला सांगत होते, की तोंडापर्यंत वाक्य आलं होतं, मॅडम, पण गिळलं. म्हणालो चल, आणि दोघं मागे फिरलो. खाली येऊन वडापाव खाल्ला. तिथे त्याने मला विचारलं, की बाबा तुम्ही एस्सेलवर्ल्डला पहिल्यांदा बसलात तेव्हा घाबरला होतात का? मी म्हटलं, डोळे मिटूनच बसलो होतो रे, अख्खी राईड.

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता जानेवारीत पुन्हा जायचं ठरलंय. बसायचं की नाही ते चिन्मय तिथे ठरवणार आहे, पण कुठे बसायचं यावरून दोघांचं माझ्यासमोरच वाजलं. बाबांना पुढची सीट हवी आहे, सगळं दिसतं म्हणून. चिन्मयला शेवटची, कारण पुढचे डबे उताराला लागले की मागच्यांना चढावरून खेचून नेतात, त्यामुळे शेवटची रांग टोकावरून सगळ्यात जोरात खाली जाते.