सुंदरबनची दोन रात्रींची बोट सफर आई-वडील आणि मुलांसोबत कशी आखावी?

सत्तरीतले आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं घेऊन डिसेंबरात सुंदरबनला जायचंय, छोट्या बोटीवर गाईडसह दोन रात्री राहायचंय, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: पंचांगापासून.

मी मूळचा मालवणकडचा. आमच्याकडे तिथीला तीनने गुणून चारने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असली की तीनला पूर्ण भरती. सुंदरबनात हा हिशोब लागू पडत नाही, कारण समुद्राचं पाणी नद्यांतून आत शिरायला वेळ घेतं आणि जागोजागी वेळ बदलते. पण उधाण आणि भांग तिथेही तिथीवरच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या सुमारास दोन्ही बेताचं.

याचा प्राण्यांशी थेट संबंध आहे. ओहोटीला (तिथे भाटा म्हणतात) गाळाचे काठ उघडे पडतात. थंडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथेच ऊन खात पडतात, निवट्या नावाचे मासे उड्या मारतात, बगळे आणि खंड्या टिपायला उतरतात, वाघाचे ठसे दिसले तर याच ओल्या गाळात दिसतात. भरतीला काठ बुडतात, पण बोट अरुंद खालांमध्ये (छोट्या खाड्यांमध्ये) आत जाऊ शकते. दिवसाउजेडी दोन्ही थोडं थोडं मिळायला हवं. आम्ही पहिल्यांदा फक्त मुलांची सुट्टी बघून गेलो आणि नेमके भांगाचे दिवस निघाले. दुसऱ्या खेपेला पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरले. तीच नदी, पण मुलांनी एका सकाळीच चार मगरी मोजल्या. म्हणून पैसे भरण्याआधी बोटवाल्याला विचारा, ‘त्या तीन दिवसांत भाटा किती वाजता?’ चांगला बोटवाला लगेच सांगतो.

वडीलधाऱ्यांसाठीही हीच वेळ महत्त्वाची. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या गाळाने माखलेल्या असतात आणि बोटीवरून फळीवरून उतरावं लागतं. माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांना दोन खलाशांनी धरून चढवलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. सजनेखाली, सुधन्यखाली आणि दोबाँकीच्या प्राणी बघायच्या मनोऱ्यांपैकी कुठे भरतीच्या वेळी पोचता येईल ते आधी ठरवून घ्या. बाकीच्या ठिकाणी आई-वडील डेकवर बसले तरी काही बिघडत नाही, दिसायचं ते बहुतेक बोटीवरूनच दिसतं.

बोट दहा-बारा माणसांची बघा. खालच्या खोल्यांकडे जाणारा जिना किती उभा आहे, कमोड आहे का, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, याचे फोटो मागवा. रात्री बोट जंगलात थांबत नाही, गावाच्या बाजूला नांगर टाकते. आईला बोटीवर झोप लागणार नसेल तर पाखिरालय किंवा दयापूरला खोली घ्या आणि दिवसा बोट, हेही उत्तम.

परवाना आणि वनखात्याकडे नोंदलेला गाईड सक्तीचा आहे, ते बोटवाला बघतो. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. कुणाचा पासपोर्ट परदेशी असेल तर वेगळी परवानगी लागते, ते आधीच सांगा. गाईड स्थानिक असतो, त्याच्याजवळ मुलांना बसवा. आमच्या गाईडने बनबीबी या वनदेवीची गोष्ट सांगितली. मध गोळा करणारे आणि कोळी, हिंदू असोत की मुसलमान, तिचं नाव घेऊनच जंगलात शिरतात. माझ्या मुलीला लगेच आपल्याकडचा वाघोबा आठवला.

वाघाबद्दल मुलांशी आधीच बोला. मेळघाटासारखंच सुंदरबनही व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी, १९७३ पासूनचं. भारताच्या बाजूला शंभरच्या आसपास वाघ आहेत, पण ताडोब्यासारखी रस्त्यावर वाघीण भेटेल ही आशा धरू नका. आम्हाला दोन्ही वेळा दिसला नाही. खारफुटीची श्वसनमुळं भाल्यांसारखी वर आलेली, त्यांतून जपून पाय टाकणारी चितळं, ओळखीची तिवरं आणि नवी सुंदरीची झाडं, हे बघण्यात मुलं रमली.

जेवणाचं एक सांगतो. शाकाहारी हवं असेल तर ‘निरामिष’ म्हणा. तिकडे त्याचा अर्थ कांदा-लसूणही नाही असा होतो, ते चालणार नसेल तर स्पष्ट सांगा. आमच्या आईला आलू पोस्तो (खसखशीतला बटाटा) इतकं आवडलं की ती येताना कोलकात्याहून खसखस घेऊन आली. आजूबाजूचं पाणी खारट, म्हणून पिण्याच्या पाण्याचे मोठे जार बोटीवर चढलेत ना ते बोट सुटते त्या गोदखालीच्या धक्क्यावरच मोजा. रोजची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या, जवळपास मोठं रुग्णालय नाही.

शेवटचं, डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं इतकं दाट पडतं की बोट तास-दोन तास हलत नाही. गोदखालीहून कोलकाता विमानतळ गाडीने साधारण तीन तास. परतीचं तिकीट तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं काढू नका, चौथ्या दिवशीचं काढा.