जपानी ठसाचित्रांतल्या बायका सगळ्या सारख्याच का दिसतात? त्या गेईशाच असायच्या का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. गेईशा म्हणजे गाणं-वाजवणं, नाच करून मनोरंजन करणारी कलावंतीण. कमरेचा पट्टा, ओबी, पाहा. गाठ पोटावर आणि अंबाड्यात फण्या-काट्यांची गर्दी असेल, तर ती बहुधा योशिवारातली, म्हणजे एदोच्या (आजच्या टोकियोच्या) वेश्यावस्तीतली, गणिका. गेईशा गाठ पाठीमागे बांधत, काटेही मोजकेच खोवत. आणि कित्येक जणी यांपैकी कुणीच नव्हत्या. उतामारो या ठसाचित्रकाराचं १७९३च्या सुमाराचं 'आजच्या तीन सुंदरी' नावाचं प्रसिद्ध चित्र आहे. त्यात गेईशा एकटी तोयोहिना. ओकिता एदोतल्या आसाकुसाला चहाच्या दुकानात कप नेऊन देणारी, आणि ओहिसा तिथल्याच र्‍योगोकु भागातल्या सेन्बेईवाल्याची मुलगी. सेन्बेई म्हणजे तांदळाची कुरकुरीत चकती.

चेहरे सारखे वाटतात हे खरंच. लांबट चेहरा, चिमुकली जिवणी, हा त्या काळचा सौंदर्याचा साचाच होता. पण तिघींकडे जरा वेळ टक लावून पाहा, नाकाची रेघ आणि डोळ्यांचा कोन किंचित वेगळा निघतो. तेवढ्यावर गिऱ्हाइकाला ओळख कशी पटणार? म्हणून अंगावर खुणा: ओहिसाच्या कपड्यावर ओकची तीन पानं, तोयोहिनाच्या कपड्यावर प्रिमरोजचं फूल.

माझी हयात ऑफसेट प्रेसमध्ये गेली, त्यामुळे मी आधी कपाळावरचे केस बघतो. ही चित्रं लाकडी फळी कोरून तिच्यावरून छापत. चेरीच्या फळीवर प्रत्येक केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून मधली रेघ उभी ठेवायची. एक तुटली की कपाळच बिघडलं! हे काम मुरलेल्या कारागिराकडेच असे, कपडे शिकाऊंनी कोरले तरी चाले.

१७९३मध्ये सरकारनं गणिका सोडून इतर बायकांची नावं चित्रावर छापायला बंदी केली. मग उतामारोनं कोपऱ्यात चित्रकोडी घातली. भाजीच्या दोन जुड्या म्हणजे 'ना-नि-वा', बाण म्हणजे 'या', किनाऱ्यापासून दूरचा समुद्र 'ओकि' आणि भातखाचर 'ता'. झालं, नानिवाया दुकानातली ओकिता! गिऱ्हाईक खूश. १७९६मध्ये सरकारनं कोड्यांवरही बंदी आणली.